न मागितलेली पदकं

रिपेका मावशी कुणाकडे काही मागत नाही. रश्शात मीठ कमी पडलं तरी ती "मीठ दे" म्हणणार नाही. डावाने चव घेईल, खिडकीबाहेर बघेल आणि म्हणेल, "आज समुद्र फार लांब गेलाय वाटतं." मग आपण समजून उठायचं आणि मिठाचा डबा आणायचा. आमच्या वस्तीच्या सभाघराच्या स्वैपाकघरात मी तिच्या हाताखाली अर्धं आयुष्य काढलंय, त्यामुळे मला तिची भाषा येते. नव्या सुनांची मात्र तारांबळ उडते. एकीने तर खरंच दारात जाऊन समुद्र बघितला होता आणि "नाही मावशी, इथेच आहे," असं सांगत परत आली होती.

आमची खाडी पूर्व किनाऱ्यावर, गिझबर्न शहराच्या वर, जिथे रस्ता दर पावसाळ्यात खचतो आणि दर उन्हाळ्यात दुरुस्त होतो. मी शाळेची बस चालवते. बस चालवणाऱ्याला कुणाच्या घरासमोर कुणाची गाडी उभी आहे, हे बघायचं नाही म्हटलं तरी दिसतं. त्यात माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणतात, ते काही खोटं नाही. तरी ही गोष्ट मी बरेच दिवस पोटात ठेवली, कारण ती पुरती कळल्याशिवाय सांगण्यात मजा नव्हती.

गोष्ट होहेपाच्या पदकांची आहे. होहेपा म्हणजे रिपेका मावशीचा बाप. तो दुसऱ्या महायुद्धात माओरी पलटणीतून लढायला गेला, वाळवंटात लढला, इटलीत लढला आणि जिवंत परत आला. पण बाकीचे आले त्या जहाजातून आला नाही. छातीत गोळीचा तुकडा होता, तो काढेपर्यंत तो तिकडच्या इस्पितळात पडून होता, आणि बँड, फुलं, भाषणं सगळं संपल्यावर एका दुपारी टपालाच्या गाडीतून उतरून घरी चालत आला. पुढे सरकारने जाहीर केलं की पदकं तयार आहेत, ज्याला हवी असतील त्याने अर्ज करावा. होहेपाने अर्ज केला नाही.

का केला नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. रताळं स्वतःची गोडी स्वतः सांगत नाही, अशी आमची म्हण आहे. मी इथे लढलो, तिथे लढलो, मला अमुक द्या, असं स्वतःच्या हाताने लिहायचं म्हणजे रताळ्याने बाजारात उभं राहून ओरडण्यासारखं. होहेपा एवढंच म्हणायचा, "आम्हांला न्यायला ते दारापर्यंत आले होते. द्यायलाही दारापर्यंत येऊ देत." आणि परत रताळ्याचे वेल सारखे करायला लागायचा. ते काही आले नाहीत. आमच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी जणांची पदकं अशीच राजधानीतल्या कोठारात पडून राहिली. सरकार वाट बघत होतं यांच्या अर्जाची, हे वाट बघत होते सरकारची, आणि दोन्हीकडची माणसं एकेक करून मरत गेली.

आता रिपेकाचं. ती होहेपाच्या पोटची नव्हे. लढाईहून आल्यावर होहेपा बोलेना आणि जेवेना. बायको ताट वाढायची, तो ताटाकडे बघत बसायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. तेव्हा नदीपलीकडच्या त्याच्या चुलतबहिणीला सहावं की सातवं बाळ झालं. वडीलधाऱ्यांनी ते दूध तुटल्याबरोबर उचललं आणि होहेपाच्या मांडीवर आणून ठेवलं. "हिला भरव," म्हणाले. दुसरं काही नाही. मूल भरवायचं तर घास मऊ आहे का, गरम आहे का, आधी आपल्या तोंडाने बघावं लागतं. असा तो पोरीला भरवता भरवता जेवायला लागला. अशा मुलाला आम्ही फांगाई म्हणतो, म्हणजे भरवलेलं, पोसलेलं. त्यात चोरून काही नसतं. रिपेकाला दोन्ही आया माहीत होत्या, दोन्ही घरं तिचीच होती, पण बाप म्हणजे होहेपा.

कायद्याला मात्र हा शब्द माहीत नाही. कायद्याला रक्त कळतं आणि शिक्का कळतो, आणि भरवण्याचा शिक्का कुठे मिळत नाही.

एप्रिलमध्ये युद्धाच्या स्मरणाची पहाट असते. दगडी खांबापाशी सगळ्या खाड्यांची माणसं जमतात. बापाची, आजोबाची पदकं मुलं-नातवंडं उजव्या छातीवर लावतात, आणि अंधारात सगळीकडून बारीक किणकिण ऐकू येते. रिपेका मावशी दर वर्षी यायची, तपकिरी कोट घालून, आणि तिच्या कोटावर काही नसायचं. शेजारच्या खाडीतली हुहाना म्हणून एक बाई आहे. तिच्या बापाची पदकं इतकी की ती चालली की भांड्यांची फळी हलल्यासारखी वाजते. ती दर वर्षी मावशीपाशी येऊन अगदी काळजीच्या सुरात विचारायची, "यंदाही नाही का गं सापडली?"

हरवलेली नव्हतीच तर सापडणार कुठून? पण हुहानाला तेच सुचवायचं होतं. होहेपा बाकीच्यांबरोबर आला नाही. होहेपाला पदक नाही. म्हणजे मधल्या काळात तो कुठे होता? पळाला असेल, लष्करी तुरुंगात असेल, म्हणून पदकं जप्त झाली असतील. हे कुणी तोंडावर बोललं नाही, पण ज्या पिढीने होहेपाला बघितलं ती गेली, आणि पुढच्या पिढीत ही कुजबुज उरली. मावशीच्या नातीला कुणीतरी "पळपुट्याची पणती" म्हणालं. ते माझ्याच बसमध्ये म्हणालं, मी आरशातून बघितलं. त्या दिवशी मी मावशीला म्हटलं, "अगं, आता तरी एक अर्ज कर. किती दिवस गुळणी धरून बसशील?"

मावशी पिठाचा गोळा मळत होती. म्हणाली, "तो म्हणाला होता, येऊ देत."

"तो गेला त्याला किती वर्षं झाली?"

"म्हणून काय त्याचं म्हणणं गेलं?"

पण तिचे हात थांबले होते आणि गोळा तसाच राहिला होता, ते मला दिसलं. तिला पदक नको होतं असं नाही. बापाच्या नावावरचा डाग निघावा म्हणून तिने हात कापून दिला असता. फक्त मागितलं नसतं.

त्याच सुमाराला मानुएराने अर्ज केला. मानुएरा होहेपाच्या धाकट्या भावाचा मुलगा. त्याचा बाप कारखान्यात कामाला म्हणून ऑकलंडला गेला तो तिकडचाच झाला. मानुएरा आमच्याकडे येई तो मयतीला. माणूस वाईट नाही. साठीनंतर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन आपली भाषा शिकला, आणि उशिरा पोहायला शिकलेला माणूस जसा उगाच खोल पाण्यात जातो, तसा तो जिथे तिथे लांबलचक भाषणं करायचा. राजधानीतल्या पदकांच्या कचेरीने बघितलं की होहेपाला पोटचं मूल नाही, दत्तक नाही, पुतण्या आहे. पदकं पुतण्याची.

पण काळ थोडा बदलला होता. कचेरीतल्या कॅप्टन लायल नावाच्या एका तरुण साहेबाचा फोन तिओपिरा आबांना आला. तिओपिरा आबा म्हणजे आमच्या सभाघराचे मुख्य बोलणारे. साहेब म्हणाला, पदकं आम्ही टपालाने पाठवत नाही, तुमच्या पटांगणात येऊन सन्मानाने देऊ इच्छितो.

त्या दिवशी स्वैपाकघरात हाच विषय. सरकारने पडून राहिलेल्या पदकांचं करावं काय? एकजण म्हणाली, संग्रहालयात ठेवावीत, निदान धूळ तरी पुसली जाईल. दुसरी म्हणाली, धूळ पुसायला आम्ही मेलोय का? सगळ्या घरांना टपालाने वाटून टाकावीत. मी म्हटलं, राजधानीत बसून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कुणाचं घर कुठलं हे कळणार कसं? इथे एका नावाचे चार आणि एका माणसाची तीन नावं. तिओपिरा आबा दारात चहाचा कप घेऊन उभे होते. ते म्हणाले, "ज्याचं देणं लागतो त्याच्या दारात जायचं. एवढं साधं आहे. पुढे काय करायचं ते दारातली माणसं बघतील."

"पण आबा, ते मानुएराच्या दारात नेतायत," मी म्हटलं. "आपल्या दारात नुसता कार्यक्रम."

आबांनी चहा संपवला. "साहेबाने मला विचारलं, वस्तू कशी द्यावी, रीत काय. मी खरं ते सांगितलं. आमच्याकडे पाहुणा जे आणतो ते पटांगणात जमिनीवर ठेवतो."

मावशी रताळी सोलत होती. जरा वेळाने उठली आणि फोन घेऊन मागच्या अंगणात गेली. मी कांदे आणायच्या निमित्ताने मागोमाग गेले, हे कबूल करते. ती मानुएराशी बोलत होती. "हो, हो, ये की... विमानाने येतोयस? अरे, पण गिझबर्नच्या वर रस्ता फार खचलाय म्हणतात. भाड्याच्या गाड्या बुटक्या असतात. साहेबाची गाडी उंच आहे म्हणे."

झालं, एवढंच. बुटकी गाडी आणि उंच गाडी. मला तेव्हा त्यात काही दिसलं नाही. उलट नवल वाटलं की जो पदकं नेणार त्याची ही इतकी काळजी करतेय.

ठरलेल्या दिवशी सरकारी गाडी कुंपणापाशी येऊन थांबली. हवा कोरडी होती. कॅप्टन लायल उतरला, चेहऱ्यावर तीळच तीळ, हातात लाकडी पेटी. त्याच्याबरोबर कचेरीतल्या दोन बायका आणि काळ्या सुटातला मानुएरा. आमच्या बायकांनी स्वागताचा लांब पुकारा केला, तसे ते चौघे एकत्र हळूहळू पटांगणातून चालत आले आणि पाहुण्यांच्या बाकावर बसले. मानुएरा मधोमध. आम्ही स्वैपाकघरवाल्या एप्रन बांधून बाजूच्या भिंतीपाशी उभ्या होतो. चुलीवर काय आहे यापेक्षा बाहेर काय चाललंय यात आमचा जीव जास्त.

आधी आबा बोलले. मग पाहुण्यांची पाळी. साहेबाला आमची भाषा चार वाक्यं येत होती, तेव्हा पाहुण्यांच्या वतीने बोलायला मानुएराच उठला. गाडीत साहेबाने हात जोडून विनंती केली होती म्हणे, आणि शिकलेली भाषा दाखवायची संधी हा कशाला सोडतोय. तो छान बोलला, खोटं कशाला सांगू. डोंगराला हाक मारली, नदीला हाक मारली, आपल्या मेलेल्या माणसांना हाक मारली. आणि शेवटी रीतीप्रमाणे खिशातून पाहुण्यांच्या भेटीच्या पैशांचं पाकीट काढून चार पावलं पुढे आला, ते पटांगणात जमिनीवर ठेवलं आणि मागे फिरला.

त्याच्या मागून कॅप्टन लायल उठला. त्याने पाठच केलं असावं, कारण ओठ हलत होते. तो पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि पदकांची पेटी पाकिटाशेजारी जमिनीवर ठेवली. मग सलाम ठोकून मागे गेला.

सगळं पटांगण चिडीचूप झालं. माझ्या शेजारच्या बाईने माझं मनगट इतकं जोरात धरलं की बांगडीचा वळ उठला. कारण पाहुण्यांनी जमिनीवर ठेवलेलं यजमान उचलतात. ते उचललं की यजमानांचं झालं. त्यावर बोलणं नाही, हिशेब नाही, परत मागणं तर नाहीच नाही. हा नियम साहेबाला माहीत नव्हता. मानुएराला माहीत होता. आणि मानुएरा बसला होता पाहुण्यांत. पाहुण्यांच्या गाडीतून आलेला, पाहुण्यांबरोबर चालत आलेला, पाहुण्यांच्या वतीने बोललेला. आपल्याच बाजूने दिलेली वस्तू आपणच जाऊन कशी उचलणार? त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरलेला मला भिंतीपासून दिसला. फुकटचा प्रवास इतका महाग कुणालाच पडला नसेल.

तिओपिरा आबा काठीवर रेलून उठले. जमिनीकडे बघितलं, गुडघ्याला हात लावला आणि भिंतीकडे वळून म्हणाले, "रिपेका, बाई, माझे गुडघे काही वाकत नाहीत. तू घे."

मावशी एप्रनला हात पुसत पुढे गेली. हाताला पीठ होतं ते पुसलं तरी राहिलंच. आधी पाकीट उचलून एप्रनच्या खिशात टाकलं. मग पेटीपाशी वाकली आणि तशीच थांबली. मला वाटलं हिची कंबर धरली. तर तिने तिथूनच पुकारा केला. ती कधी पुकारा करत नाही, ते काम पुढच्या बायकांचं, हिचं आयुष्य मागच्या दारी गेलं. आवाज चिरका लागला. तिने बापाचं नाव घेतलं, पुरतं, त्याच्या बापाच्या आणि आजाच्या नावासकट, आणि म्हणाली, ये, घरी ये, ते दारापर्यंत आले. तेवढंच. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवणाच्या घाईत मी पेटी उघडून बघितली. कुणीतरी बघायलाच हवी होती. चांदणीच्या आकाराची आणि गोल पदकं रांगेत मांडलेली, फिती नव्याकोऱ्या. मी एकेक उलटून पालटून बघितलं, कडेला बघितलं, पाठीला बघितलं. गोल पदकांवर राजाचं डोकं होतं. होहेपाचं नाव कुठेच नव्हतं.

"साहेब, नाव कुठेय?" मी कॅप्टनला विचारलं. तो शेवंड कशी फोडावी या विवंचनेत होता.

"त्या युद्धातल्या आमच्या पदकांवर नावं कोरलीच नाहीत, बाई," तो म्हणाला. "कोठारात असेपर्यंत खोक्यावर चिठ्ठी असते. चिठ्ठी काढली की सगळी सारखीच."

हे माझ्या डोक्यात घर करून राहिलं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी हा जीव टांगलेला, त्या वस्तूवर नावच नाही. मग ते होहेपाचं कशावरून? कुणीतरी म्हणतं यावरून, एवढंच की.

तेवढ्यात मागच्या दारातून मानुएरा आत आला. शर्टाची कॉलर सैल केलेली, आवाज मात्र घट्ट. "ताई, हे तू केलंस."

"मी काय केलं? मी रताळी सोलत होते."

"रस्त्यावर खचल्याची खूणसुद्धा नाही. मी अख्ख्या वाटेत बघत आलो."

"खचला होता," मावशी म्हणाली.

"कधी?"

"खचतोच की दर वर्षी."

मी त्या रस्त्याने सकाळी बस आणली होती. रस्ता तळहातासारखा होता. आणि आबांचे न वाकणारे गुडघे मी आदल्या दिवशीच ओहोटीला बघितले होते, खडकांतून खायचे काटेरी समुद्री गोळे काढताना तासभर वाकलेले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात सगळं जुळलं. पण मी तोंडात भाकरीचा तुकडा घालून गप्प बसले.

"रक्ताचं नातं माझं आहे," मानुएरा म्हणाला. "मी चोर नाही. रीतसर अर्ज केला. तू का नाही केलास? तुम्हां कुणाला ती हवी होती तर इतकी वर्षं हात कुणी धरले होते?"

प्रश्न खरा होता. मावशीने सुरी खाली ठेवली.

"शेवटी त्याला चमचा धरता यायचा नाही," ती म्हणाली. "मी भरवायचे. तो तोंड मिटून घ्यायचा, लाज वाटायची त्याला. मी म्हणायचे, आधी तू मला भरवलंस, आता माझी पाळी. मग तोंड उघडायचा. याला तुमच्या अर्जात काय म्हणतात ते मला माहीत नाही, मानुएरा. म्हणून नाही केला. त्यांनी नातं विचारलं असतं आणि मी लिहिलं असतं ते त्यांनी खोडलं असतं. ते मला बघवलं नसतं."

इतकं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. मानुएरा उभा होता तो बाकावर बसला.

"मग मला काय राहिलं?" तो म्हणाला, आणि आता आवाजातला ताठा गेला होता. "तुला डोंगर आहे, नदी आहे, हे घर आहे. माझ्याकडे भाड्याचं घर आणि संध्याकाळच्या वर्गातली भाषा. नातवंडांना दाखवायला मला या खाडीतलं काहीतरी हवं होतं."

मग मावशीने असं काही केलं की माझ्या हातातला चहा सांडला. तिने मागितलं.

"मग ये," ती म्हणाली. "एप्रिलला ये. पोरांना घेऊन, स्वतःच्या गाडीने, या मागच्या दाराने ये. मी तुला सांगतेय, ये."

यात समुद्र नाही, रस्ता नाही, आडवळण नाही. सरळ "ये". मानुएराच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, पण त्याने मान खाली घातली.

जेवणं झाल्यावर कॅप्टनने कागद काढला. पदकं मिळाल्याची सही अर्जदाराची लागते. म्हणजे मानुएराची. कागद त्याच्यापुढे आला. त्याने मनात आणलं असतं तर तिथेच म्हणाला असता, मला मिळालेली नाहीत. कायदा त्याच्या बाजूने होता. आबा छताकडे बघत होते. मावशीने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाली, "रताळी गार व्हायला लागली."

मानुएराला हसू फुटलं. हसत हसतच त्याने सही केली आणि रताळ्यांचं ताट ओढून घेतलं.

निघताना कॅप्टन लायलने आबांना बाजूला घेऊन विचारलं, "माझं काही चुकलं का? सगळे मध्येच फार शांत झाले होते."

"नाही रे बाळा," आबा म्हणाले. "सरकारने इतकं बरोबर आजवर काही केलं नव्हतं. बाकीची खोकीही अशीच आण."

पदकं सभाघरात होहेपाच्या फोटोखाली ठेवली. उचललेली वस्तू सगळ्यांची, तेव्हा मावशीच्या घरी ती कधीच गेली नाहीत. मी तिला खोदून खोदून विचारलं, रस्त्याचं तू आणि गुडघ्यांचं आबांनी आधी ठरवलं होतं का? ती म्हणाली, "तुझी बस आज लवकर निघायची नाही का?" एवढ्यावरून काय ते समजा.

एप्रिलच्या त्या पहाटेच्या आदल्या दिवशी मागच्या दाराशी ऑकलंडच्या नंबरची बुटकी गाडी येऊन थांबली. मानुएरा बायको-पोरं-नातवंडांसकट उतरला, बाह्या सारल्या आणि रताळ्यांच्या पोत्यापुढे बसला. सोलायचं काही येत नव्हतं, साल कमी आणि रताळंच जास्त काढत होता. मावशी म्हणाली, "डुकरांची आज चंगळ." पण त्याच्या हातातून सुरी काढून घेतली नाही.

पहाटे खांबापाशी जाण्याआधी तिने पेटी उघडली. मला वाटलं आता तपकिरी कोटावर पदकं लागणार, इतक्या वर्षांनी. तिने ती मानुएराच्या छातीवर लावली. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, अगं, तू लाव की. तुझा हक्क."

"मी लावली तर कुणी विचारल्यावर मलाच सांगावं लागेल," ती म्हणाली.

मला हे तेव्हा कळलं नाही. कळलं ते उजाडताना, हुहाना वाजत वाजत आली तेव्हा. तिने मावशीच्या मोकळ्या कोटाकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि मग शेजारच्या मानुएराच्या छातीकडे तिची नजर गेली.

"ही कुणाची म्हणायची?" तिने विचारलं.

मावशी समुद्राकडे बघत होती. रताळं स्वतःची गोडी सांगत नाही. पण शेजारच्याने सांगायला मनाई नाही. मानुएराने घसा साफ केला. मला वाटलं आता हा डोंगरापासून सुरुवात करतो. पण तो थोडक्यातच बोलला, आणि चारचौघांना ऐकू जाईल असं बोलला.

"होहेपाची. माझ्या काकाची," तो म्हणाला. "आणि ही त्याची मुलगी."